खेळातल्या जगाला आधी भूतकाळ द्या

संगणकीय खेळासाठी जग उभे करायचे ठरले की बहुतेक जण डोंगरांपासून सुरुवात करतात. उंचसखल पृष्ठभाग तयार होतो, नद्या वाहू लागतात, झाडे उगवतात. जमिनीखालची जागा मात्र शेवटी, भरायची म्हणून भरली जाते. वर माती, खाली करडा दगड, तळाला लाव्हा. खेळाडू नुसता फिरतो आहे तोवर हे खपून जाते. त्याने कुदळ हाती घेतली की पितळ उघडे पडते. कुठेही खणले तरी तेच लागते, त्यामुळे हाताला आलेला खडक पाहून पुढचा अंदाज बांधण्यात काही अर्थच उरत नाही. खोदकामाची निव्वळ हमाली होते.

हे टाळायचे असेल तर एक गोष्ट पक्की धरा: थर रंगवायचे नसतात, घडवायचे असतात. खडक म्हणजे घडून गेलेल्या घटनांची नोंद. तुमच्या जगात आधी काय साचले, मग काय वाकले, काय झिजले, कुठे लाव्हा आला, हा क्रम तुम्ही ठरवला की थर आपोआप पडतात आणि खेळाडूला ते वाचता येतात. हे काम कसे करायचे, ते एकेक पायरी घेऊन पाहू.

आधी आकडे, मग नावे

या विषयात अभ्यासायलाच हवा असा खेळ म्हणजे ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी तो २००६ साली लोकांसाठी खुला केला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये जे पहिले काही व्हिडिओ गेम संग्रहासाठी निवडले, त्यांत हा होता.

त्याचे जग तयार होते तेव्हा नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला काही आकडे मिळतात. उंची, पाऊस, तापमान, पाण्याचा निचरा, ज्वालामुखीयता आणि रानटीपणा. ‘इथे दलदल’, ‘इथे जंगल’ असे कोणी हाताने लिहीत नाही. पाऊस भरपूर आणि निचरा कमी असेल तिथे दलदल होते, पाऊस तितकाच पण निचरा चांगला असेल तिथे जंगल. ज्वालामुखीयतेचा आकडा ० ते १०० असतो आणि तो १०० ला पोचतो तिथे ज्वालामुखी उभा राहतो. जग तयार झाल्यावर ठरवलेल्या अटी पुऱ्या होत नसतील, तर खेळ ते जग नाकारतो आणि पुन्हा नव्याने सुरुवात करतो.

यातून दोन सवयी उचला. पहिली, नाव नेहमी आकड्यांमधून काढा. मग वाळवंटाला लागून अचानक दलदल अशी विसंगती येत नाही, कारण शेजारच्या चौकोनांचे आकडे एकमेकांच्या जवळपासच असतात. दुसरी, वाईट जग नाकारायची सोय सुरुवातीलाच ठेवा.

हे आकडे सलग बदलत जायला हवेत. त्यासाठी दोन जुन्या, खात्रीच्या रीती आहेत. एकीत चौकोनाच्या कोपऱ्यांना आकडे देतात, मध्यबिंदूवर त्यांची सरासरी घेऊन तिच्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळतात आणि हेच लहान लहान चौकोनांवर करत जातात. दुसरी केन पर्लिन यांची. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटाच्या कामानंतर त्यांनी ‘पर्लिन नॉइज’ शोधला, १९८५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. खेळाडू चालेल तसे जग तुकड्यातुकड्याने तयार करायचे असेल तर दुसरी रीत सोयीची, कारण कुठल्याही बिंदूचा आकडा शेजाऱ्यांना न विचारता काढता येतो.

खडकांची चार कुळे

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ खडकांची विभागणी शाळेतल्या भूगोलासारखीच करतो, फक्त अग्निज खडकांचे दोन भाग पाडतो. तुम्हीही चार कुळे ठेवा.

गाळाचे खडक: चुनखडक, वालुकाश्म, शेल, चिकणाश्म. जिथे कधी काळी समुद्र, सरोवर किंवा नदीचे खोरे होते तिथेच हे द्यायचे.

बाह्य अग्निज खडक: बेसाल्ट, अँडेसाइट, डॅसाइट, ऱ्हायोलाइट. लाव्हा जमिनीवर येऊन थिजतो तेव्हाचे. ज्वालामुखीयता जास्त तिथे यांचा हक्क.

अंतर्गत अग्निज खडक: ग्रॅनाइट, डायोराइट, गॅब्रो. शिलारस जमिनीखालीच सावकाश निवतो तेव्हा हे होतात, म्हणून यांचे स्फटिक मोठे असतात.

रूपांतरित खडक: संगमरवर, स्लेट, शिस्ट, नाइस, क्वार्टझाइट. दाब आणि उष्णतेने जुन्याचे नवे झालेले. यांना स्वतंत्र जागा देऊ नका, आधीच्या खडकावर नियम लावून काढा. चुनखडकाचा संगमरवर होतो, शेलची स्लेट आणि वालुकाश्माचा क्वार्टझाइट. शिलारस घुसला त्याच्या आजूबाजूला काही अंतरापर्यंत हा बदल केलात, की खेळाडूला मोठी सोय होते. चुनखडक खणताना संगमरवर लागला, म्हणजे जवळपास कुठेतरी ग्रॅनाइट आहे.

घटनांची वही

आता मुख्य काम. घटनांची एक क्रमवार यादी करा आणि एखाद्या बिंदूला कोणता खडक आहे हे विचारताना ती यादी शेवटून सुरुवातीकडे वाचा. प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. समजा तुमच्या जगाचा इतिहास असा आहे:

१. तळाला ग्रॅनाइटचा पाया. त्याचा माथा शून्य मीटरवर.
२. त्यावर समुद्र. ० ते ३० मीटर चुनखडक, ३० ते ५० शेल, ५० ते ११० वालुकाश्म. सगळे थर आडवे.
३. दोन्ही बाजूंनी दाब येऊन थरांना घड्या पडल्या. घडीची लांबी ४०० मीटर, चढ आणि उतार प्रत्येकी २० मीटर.
४. झीज. ८० मीटरच्या वरचे सगळे वाहून गेले.
५. लाव्हाचे पाच प्रवाह एकावर एक. पहिला ८० ते १०० मीटर.
६. पुन्हा झीज, आणि आजचा पृष्ठभाग.

आता आडवे अंतर १०० मीटर आणि उंची ६५ मीटर असलेला बिंदू घ्या. शेवटच्या झिजेत तो गेला का? नाही, पृष्ठभाग बराच वर आहे. लाव्हात आहे का? नाही, लाव्हा ८० च्या वर सुरू होतो. पहिल्या झिजेतूनही तो वाचला. आता घडी उलगडा. १०० मीटरवर घडीचा माथा येतो, म्हणजे तिथले थर २० मीटर वर उचलले गेले होते. तो बिंदू मुळात ४५ मीटरवर होता. दुसऱ्या नोंदीत पाहिले तर शेल. त्याच ६५ मीटरच्या पातळीवर राहून आडवे अंतर ३०० मीटरपर्यंत न्या. तिथे घडीचा तळ आहे, थर २० मीटर खाली दबले आहेत, म्हणून मूळ जागा ८५ मीटर. उत्तर येते वालुकाश्म.

खेळाडू आडवा बोगदा खणत गेला तर त्याला शेल संपून वालुकाश्म लागेल. त्यावरून थर खाली वाकताहेत हे तो ओळखू शकतो. ८० मीटरच्या पातळीवर मात्र वाकलेले थर एका सपाट रेषेत कापले गेलेले दिसतील आणि त्यावर आडवा बेसाल्ट बसलेला असेल. भूशास्त्रात याला विसंगती म्हणतात. इतकी बोलकी रचना तुम्हाला वेगळी काढावी लागली नाही, ती घटनांच्या क्रमातून आपोआप निघाली.

प्रस्तरभंगही असाच. एक तिरके प्रतल ठरवा आणि त्याच्या एका बाजूचा बिंदू तपासताना सरकलेले अंतर वजा करा. क्रम मात्र जपा. घडीनंतर भंग आणि भंगानंतर घडी यांतून वेगवेगळे खडक निघतात. घडीचा आकार शुद्ध लाटेसारखा ठेवू नका, त्यात थोडा पर्लिन नॉइज मिसळा. थरांची जाडीही जागोजागी कमीजास्त होऊ द्या.

या रीतीचा तांत्रिक फायदाही मोठा आहे. ‘माइनक्राफ्ट’मध्ये जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या स्तंभांनी तयार होते. तुमचेही जग असे तुकड्यांचे असेल तर दोन तुकड्यांच्या सीमेवर थर जुळतील का ही चिंता उरत नाही, कारण प्रत्येक बिंदूचे उत्तर त्याच वहीतून येते.

ज्वालामुखी कुठे ठेवाल?

नकाशावर मनाला येईल तिथे शंकू ठेवले तर जग खोटे वाटते. पृथ्वीवर ज्वालामुखींच्या जागांमागे प्रामुख्याने तीन कारणे असतात आणि तिन्ही प्रोग्राममध्ये लिहायला सोपी आहेत.

दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे भेग पडते आणि बेसाल्ट वर येतो. एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथे ज्वालामुखींची रांग उभी राहते, पण ती अगदी सीमेवर नसते. खाली गेलेला पट्ट साधारण १०० किलोमीटर खोल पोचतो, त्या जागेच्या वर ती येते. म्हणून सीमेपासून थोडी आत रांग काढा आणि तिथे अँडेसाइट द्या. दोन खंड समोरासमोर धडकतात तिथे, हिमालयासारखे, घड्यांचे उंच पर्वत द्या. ज्वालामुखी जवळजवळ नकोतच.

तिसरे कारण तप्तबिंदू. खालचा उष्ण स्रोत एका जागी धरा आणि वरचा पट्ट सरकवत न्या. ठरावीक काळाने स्रोतावर ज्वालामुखी उभा करा. एका सरळ फेऱ्यात बेटांची माळ तयार होते, एका टोकाला जागता ज्वालामुखी आणि दुसऱ्या टोकाकडे अधिकाधिक जुनी, झिजलेली बेटे. हवाई बेटे अशीच झाली. आपल्या पायाखालचे उदाहरण त्याहून मोठे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा ज्या तप्तबिंदूशी जोडला जातो, त्याचीच माळ पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि मॉरिशसमार्गे रियुनियनपर्यंत जाते आणि रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आजही जागा आहे. तप्तबिंदू लिहून झाला की ही माळ तुमच्या नकाशावर उमटते का ते पाहा.

लाव्हा वाहायचा कसा?

लाव्हाचा स्वभाव सिलिकेच्या प्रमाणावर ठरतो. बेसाल्टी लाव्हात सिलिका साधारण निम्मी असते. तो ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो, पातळ असतो आणि दूरवर पसरतो. ऱ्हायोलाइटी लाव्हात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास. तो तुलनेने थंड आणि चिकट असतो, तोंडाशीच साचतो आणि आत कोंडलेल्या वायूंमुळे स्फोट होतात.

दोन्ही एकाच नियमाने दाखवता येतात. प्रत्येक चौकोनासाठी एक ‘थांबण्याची जाडी’ ठरवा. चौकोनातला लाव्हा त्या जाडीपेक्षा जास्त झाला तरच उरलेला सगळ्यात खालच्या शेजाऱ्याकडे जाईल. उतार तीव्र असेल तिथे ही जाडी कमी करा. बेसाल्टला ती थोडी द्या, तो दऱ्या भरत, सपाट होत लांब जाईल. ऱ्हायोलाइटला भरपूर द्या, त्याचा घुमट होईल. दोन स्वतंत्र प्रणाली लिहायची गरज नाही. प्रवाह थांबला की त्याची तळपातळी आणि माथा घटनांच्या वहीत नोंदवा.

आता एका प्रवाहाच्या आत डोकावा, कारण इथे बहुतेक खेळ कमी पडतात. थिजलेला बेसाल्टचा प्रवाह वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. मधला भाग घट्ट, काळा आणि उभ्या भेगांचा; भेगा नीट पडल्या तर मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला दिसतात तसे खांब होतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून झिओलाइट, क्वार्ट्झ, अ‍ॅमेथिस्ट साचतात. दोन प्रवाहांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर तांबड्या मातीचा पातळ थर मिळतो. महाराष्ट्रात विहीर खणणारे मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे खडक हाताने ओळखतात आणि पाणी कुठे लागेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. तुमच्या खेळाडूलाही हीच विद्या मिळू द्या. प्रवाहाचा वरचा चौथा हिस्सा सच्छिद्र ठेवा, मधला घट्ट, तळाशी पुन्हा थोडे बुडबुडे. पाणी सच्छिद्र थरात साठवा. खणायला लागणारा वेळ थराप्रमाणे बदला.

‘माइनक्राफ्ट’ने २०२१ मध्ये अ‍ॅमेथिस्टचे गोळे आणले, तेव्हा बाहेर गुळगुळीत बेसाल्ट, मध्ये कॅल्साइट आणि आत अ‍ॅमेथिस्ट अशी रचना दिली. पोकळीच्या भिंतीवरून आत आत खनिज साचत जाते, हे त्यात नेमके पकडले आहे.

प्रत्येक खडकाला कठीणपणाचा आकडा द्या आणि झिजेच्या गणितात तो वापरा. घट्ट बेसाल्ट टिकतो, सच्छिद्र थर लवकर झिजतो, आणि सह्याद्रीसारखे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर तयार होतात. आपल्या किल्ल्यांचे ताशीव कडे आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या माच्या याच फरकातून आल्या. कठीणपणा सगळीकडे सारखा ठेवलात तर डोंगर गोलसर आणि निनावी होतात.

खनिजे खडकाला बांधा

खनिजे खोलीनुसार वाटणे सोपे, पण त्यात अभ्यासाला वाव नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये प्रत्येक खनिजापुढे ते कोणत्या खडकात आणि कोणत्या आकारात सापडते हे लिहिलेले असते: लांब शीर, मोठा पुंजका, लहान पुंजका किंवा सुटा खडा. दगडी कोळसा गाळाच्या खडकात, कथिलाचे खनिज ग्रॅनाइटमध्ये, हिरे किंबरलाइटमध्ये. खेळाडूला कोळसा हवा असेल तर तो वस्तीची जागा निवडतानाच गाळाचे खडक शोधतो.

वास्तवातही तसेच आहे. चंद्रपूरचा कोळसा गोंडवन काळातल्या गाळाच्या खडकांत आहे. गोव्याचे लोहखनिज दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या खडकांत आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या जाड बेसाल्टमध्ये यांतले काही शोधू नये. हा नकार खेळाच्या दृष्टीने मोलाचा आहे. एका प्रदेशात एक गोष्ट नाही, म्हणूनच दुसऱ्या प्रदेशाशी व्यापार, प्रवास, लढाई यांना कारण मिळते. सगळे सगळीकडे देण्याचा मोह आवरा.

चालू खेळातला शिलारस

जग तयार झाल्यावरही शिलारस जिवंत राहू शकतो. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये गुहांच्या तीन स्तरांखाली शिलारसाचा समुद्र असतो. प्रत्येक घरात द्रवाची पातळी १ ते ७ अशी मोजली जाते आणि पाणी व शिलारस भेटले की ऑब्सिडियन होतो. खरा ऑब्सिडियन बहुधा सिलिकायुक्त लाव्हापासून होतो, त्यामुळे ही सवलत आहे, पण ती चांगली सवलत आहे. नियम एका ओळीत कळतो आणि खेळाडू त्यातून भिंती, सापळे, पूल रचतो. सवलती घ्या, मात्र त्या सगळीकडे सारख्याच लागू करा. पाण्याने लाव्हा एके ठिकाणी थिजतो आणि दुसरीकडे थिजत नाही असे झाले, की विश्वास गेला.

काम तपासायचे कसे

एक, तेच बीज (यादृच्छिक आकडे ज्यावरून निघतात तो सुरुवातीचा आकडा) दिले की तेच जग आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक घटनेला मुख्य बीजापासून काढलेले स्वतःचे वेगळे बीज द्या, म्हणजे नवी घटना घातली तरी जुन्या विस्कटत नाहीत.

दोन, जगात फिरून पाहण्याआधी उभा छेद काढून पाहायची सोय लिहा. जमिनीखालच्या चुका वरून दिसत नाहीत. छेदात त्या लगेच सापडतात: हवेत लटकलेला चुनखडक, खालच्या शिरेशी न जोडलेला ज्वालामुखी, डोंगर चढणारा लाव्हा.

तीन, नाकारण्याच्या अटी आकड्यांत लिहा. गाळाचे खडक अमुक टक्क्यांहून कमी असतील, किंवा सुरुवातीच्या प्रदेशापासून ठरावीक अंतरात एकही धातू नसेल, तर ते जग बाद.

चार, ही कसोटी सगळ्यात महत्त्वाची. छेदाचा डावा अर्धा भाग एखाद्या मित्राला दाखवा, उजवा झाका आणि तिकडे काय असेल ते विचारा. त्याला काहीच सांगता आले नाही, तर तुमच्या थरांमागे इतिहास नाही. सगळे अचूक सांगितले, तर शोधण्यासारखे काही उरले नाही. थरांचा कल त्याने बरोबर ओळखला आणि मध्ये आलेल्या प्रस्तरभंगाने त्याला चकवले, तर काम जमले.

सुरुवात लहान करा. ४०० मीटर रुंद आणि २०० मीटर खोल असा एकच सपाट छेद घ्या, वर दिलेल्या सहा घटना त्यात लिहा आणि मग एकेका घटनेचा क्रम बदलून चित्र कसे पालटते ते पाहा. हा छेद मनासारखा झाला की तिसरी मिती जोडणे हे फक्त गणिताचे काम उरते. पृष्ठभाग, नद्या आणि झाडे त्यानंतर येऊ द्या.